सवलत आणि मनाई : इस्लामांतील स्त्रीच्या इमामतेचा प्रश्न

सवलत आणि मनाई हे दोन शब्द कोशांत एकमेकांपासून कितीहि दूर असले, तरी समाजाच्या व्यवहारांत त्यांच्यामधील अंतर फार थोडें असतें. ज्याला एखाद्या कर्तव्यांतून दयेनें मोकळें केलें, त्याला तें कर्तव्य करण्याचा अधिकारच नाहीं असें लोक हळूहळू मानूं लागतात. आणि कांहीं पिढ्या लोटल्या म्हणजे मूळची दया विस्मरणांत जाऊन अनधिकार तेवढा शिल्लक राहतो. मग एखाद्या दिवशीं कोणी तें कर्तव्य आपण होऊन करूं म्हटलें कीं, धर्माचा पायाच खचला अशी हाकाटी सुरू होते. स्त्रियांच्या धार्मिक अधिकारासंबंधीं निरनिराळ्या धर्मांत जे वाद आजवर झाले, त्यांपैकीं पुष्कळांच्या मुळाशीं हीच क्रिया आढळून येते. इस्लामांत स्त्रीनें स्त्रीपुरुषांच्या एकत्र जमातीची इमामत करावी कीं नाहीं, हा प्रश्न एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून पुनः जोरानें पुढें आला आहे. त्याचा विचार प्रस्तुत लेखांत ह्या दृष्टीनें करावयाचा आहे.

प्रश्न जुना असला तरी त्याला आजची धार आली ती एका विशिष्ट दिवशीं. १८ मार्च २००५ रोजीं न्यूयॉर्क शहरांत डॉ. अमीना वदूद ह्या विदुषीनें शंभराहून अधिक स्त्रीपुरुषांच्या जमातीपुढें उभें राहून शुक्रवारचा खुत्बा दिला आणि नमाज चालविली. वदूद ह्या त्या वेळीं व्हर्जिनिया संस्थानांतील एका विद्यापीठांत इस्लामच्या प्राध्यापक होत्या, व कुराणाचा स्त्रीच्या दृष्टीनें अर्थ लावणारा त्यांचा ग्रंथ १९९२ सालीं मलेशियांत प्रथम प्रसिद्ध झाला होता. त्या दिवशीं अजानहि एका स्त्रीनेंच दिली. मशिदींनीं जागा देण्याचें नाकारलें होतें. एका कलादालनानें ती देऊं केली, परंतु बाँबच्या धमकीनंतर त्यानें माघार घेतली. आणि अखेर एका ख्रिस्ती कॅथीड्रलच्या आवारांतील सभागृहांत ही नमाज झाली. अल् अझहरचे तेव्हांचे शेख तंतावी आणि कतारमध्यें राहणारे प्रसिद्ध धर्मशास्त्री युसुफ अल् करदावी यांनीं तिचा निषेध केला. उलट, मुस्लिम ब्रदरहुडच्या संस्थापकाचे सख्खे बंधु गमाल अल् बन्ना यांनीं वदूद यांची बाजू उचलून धरली. तेव्हां हा वाद पूर्वेचा व पश्चिमेचा, किंवा श्रद्धावंतांचा व अश्रद्धांचा आहे, असें समजणें चुकीचें होईल. तो एका धर्माच्या पोटांतला, त्याच धर्माच्या प्रमाणग्रंथांचा आधार घेऊन चाललेला वाद आहे.

येथें एक गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. इमाम म्हणजे पुरोहित नव्हे. सुन्नी इस्लामांत ईश्वर आणि भक्त यांच्यामध्यें उभा राहणारा मध्यस्थ नाहीं. इमामाच्या हातून कोणताहि संस्कार घडत नाहीं. तो पापाची क्षमा करीत नाहीं कीं प्रसाद वांटीत नाहीं. नमाजेपुरता तो पुढें उभा राहतो, आणि नमाज संपली म्हणजे इतरांसारखाच एक होतो. १९३५ सालीं जर्मनींत रेगीना योनास ही ज्यू स्त्री रब्बी झाली, किंवा १९९४ सालीं इंग्लंडच्या चर्चनें स्त्रियांना प्रथम धर्मोपदेशकाची दीक्षा दिली, तेव्हां त्या धर्मांपुढील प्रश्न पदवीचा अगर दीक्षेचा होता. इस्लामांत ही दीक्षाच नाहीं. त्यामुळें दुसऱ्या धर्मांतील सुधारणांचे दाखले येथें जसेच्या तसे लागू पडत नाहींत. आणि एका अर्थीं येथील प्रश्न अधिकच सोपा असावयास हवा होता.

कारण इमाम कोणी व्हावें याचा निकष पैगंबरांच्या एका सुप्रसिद्ध हदीशींत स्पष्ट सांगितलेला आहे. ज्याला कुराण अधिक येतें तो. त्यांत दोघे सारखे असल्यास ज्याला सुन्नतीचें ज्ञान अधिक आहे तो. त्यांतहि समान असल्यास ज्यानें हिजरत आधीं केली तो. आणि मग वयानें वडील असेल तो. ह्यांत वंश नाहीं, कुल नाहीं, संपत्ति नाहीं. मक्केहून आलेल्या पहिल्या मुहाजिरांनीं सालिम नांवाच्या मुक्त केलेल्या गुलामाच्या मागें नमाज पढली, कारण त्याला कुराण सर्वांत अधिक येत होतें. अम्र बिन सलमा हा सहा-सात वर्षांचा मुलगा आपल्या टोळींतील मोठमोठ्या माणसांपुढें इमाम म्हणून उभा राहिला, ही हकीकत बुखारीच्या संग्रहांत आहे, कारण तेंच. ज्या धर्मानें ज्ञानापुढें गुलामगिरीचा कलंक आणि वयाचा मान ह्या दोन्ही गोष्टी दूर सारल्या, त्यानें लिंगभेद मात्र ज्ञानापुढें उभा ठेवावा, ह्याला कांहीं सबळ कारण असलें पाहिजे. तें कोणतें, हाच खरा प्रश्न आहे.

प्राचीन पुराव्यांत सर्वांत महत्त्वाची हकीकत उम्म वरका ह्या मदिनेच्या स्त्रीची. कुराणाचें उत्तम ज्ञान असलेल्या ह्या बाईनें बद्रच्या लढाईंत जखमींची शुश्रूषा करावयास जाण्याची परवानगी मागितली; पैगंबरांनीं तिला घरींच राहण्यास सांगितलें, आणि हौतात्म्य तेथेंच लाभेल असें आश्वासन दिलें. पुढें खलिफा उमर यांच्या काळांत तिच्या घरांतील दोन गुलामांनीं तिचा जीव घेतला. अबू दाऊद यांच्या संग्रहांत असें आहे कीं, पैगंबरांनीं तिच्यासाठीं एक मुअज्जिन नेमून दिला आणि तिच्या 'दार'मधील लोकांची इमामत तिनें करावी अशी आज्ञा केली. तो मुअज्जिन एक वृद्ध पुरुष होता, व आपण त्याला पाहिला होता, असें ती हदीस सांगणारा म्हणतो. 'दार' ह्या अरबी शब्दाचा अर्थ घर असाहि होतो आणि वस्ती असाहि. घर म्हटलें तरी घरांत गुलाम व मुअज्जिन हे पुरुष होतेच. विरोधी पक्ष म्हणतो कीं, मुअज्जिन अजान देऊन मशिदींत निघून जात असेल आणि मागें केवळ स्त्रिया राहत असतील. असेल, परंतु हदीशींत तसें म्हटलेलें नाहीं. म्हाताऱ्या मुअज्जिनाला त्या घरांतून बाहेर काढण्याचें काम पुढील काळच्या भाष्यकारांनीं केलेलें आहे.

शास्त्रकारांचीं मतें पाहूं गेल्यास तींहि एकसारखीं नाहींत. स्त्रीनें स्त्रियांची इमामत करणें शाफई व हंबली शाखांना मान्य आहे. हनफी तें अप्रशस्त मानतात. मालिकी शाखा त्यालाहि मनाई करते. हजरत आयेशा आणि उम्म सलमा ह्या पैगंबरांच्या दोघी पत्नी स्त्रियांची इमामत करीत, मात्र पुढें न उभ्या राहतां ओळीच्या मध्यभागीं उभ्या राहत, असें सांगितलें जातें. पुरुषांच्या इमामतेविषयीं मात्र चारहि शाखा मनाईच्या बाजूच्या आहेत. तरी बाराव्या शतकांतील कॉर्डोव्ह्याचे काजी व तत्त्वज्ञ इब्न रुश्द यांनीं आपल्या तुलनात्मक धर्मशास्त्रांत नोंदवून ठेवलें आहे कीं, अबू थौर व तबरी यांनीं स्त्रीची इमामत सरसकट मान्य केली होती. हा तबरी म्हणजे कुराणाचा थोर भाष्यकार व इतिहासकार. त्याचा ग्रंथ टाळून आजहि कोणाला कुराणाच्या अर्थाविषयीं अधिकारानें बोलतां येत नाहीं. अबू थौर व तबरी ह्या दोघांनीं स्थापिलेल्या शाखा कालांतरानें लोप पावल्या, आणि त्यांच्याबरोबर त्यांचें हें मतहि मागें पडलें. शाखा लोपली म्हणून मत खोटें ठरत नाहीं. पुढें सूफी तत्त्वज्ञ इब्न अरबी (११६५–१२४०) यांनींहि स्त्रीच्या इमामतेला निरपवाद संमति दिली; कांहीं स्त्रियांना पूर्णत्व लाभलें असल्याची ग्वाही खुद्द पैगंबरांनीं दिली आहे, मग पूर्णत्वाच्या अधिकारी जीवानें पुढें कां उभें राहूं नये, असा त्यांच्या विचाराचा रोख आहे.

आतां विरोधी पक्षाचें म्हणणें त्याच्या सर्व बळानिशीं मांडणें न्यायाचें होईल. स्त्रीनें पुरुषाची इमामत करूं नये असें शब्दशः सांगणारी जी हदीस इब्न माजा यांच्या संग्रहांत आहे, तिची परंपरा दुर्बळ असल्याचें हदीशींचे जाणकार स्वतःच मान्य करतात. तेव्हां तिच्यावर फारसा भार टाकतां येत नाहीं. बळकट युक्तिवाद निराळाच आहे. तो असा कीं, उपासनेच्या बाबतींत मनुष्याच्या तर्काला वाव नाहीं. दुपारच्या नमाजेंत चार रकाती आणि सूर्यास्ताच्या नमाजेंत तीनच कां, ह्याचें उत्तर कोणतेंहि तर्कशास्त्र देऊं शकत नाहीं; पैगंबरांनीं तसें करून दाखविलें, एवढेंच त्याचें कारण. पहिल्या पिढींत स्त्रियांनीं पुरुषांची इमामत केली असती तर त्याची वार्ता आपल्यापर्यंत आली असती, ती आली नाहीं. शिवाय त्यांची ओळ पुरुषांच्या मागें असे, ह्यावरून पुढें येणें त्यांच्याकरितां नाहीं हें उघड होतें, असा बहुमताचा आधार इब्न रुश्दांनींहि दिला आहे. समतेचीं राजकीय तत्त्वें राज्यकारभारांत योग्य असतील, परंतु नमाज हें कायदेमंडळ नव्हे, असें एखादा धर्मनिष्ठ मुसलमान म्हणाला, तर त्याला हंसण्यावारीं नेतां कामा नये. उपासनेचें रूप दर पिढीनें आपल्या आवडीप्रमाणें बदलावयाचें ठरविल्यास उपासनेंत आपल्याच आवडीची पूजा होऊं लागेल, ही त्याची भीति खोटी नाहीं.

परंतु हाच नियम प्रामाणिकपणें लावला तर काय दिसतें? अनुकरणच प्रमाण असेल तर तें दोन्ही बाजूंना प्रमाण असलें पाहिजे. पैगंबरांच्या मशिदींत स्त्रियांची ओळ मागें असे, पण ओळींच्या मध्यें भिंत नव्हती आणि पडदाहि नव्हता. पुरुषांपाशीं वस्त्रें अपुरीं असल्यामुळें, ते सावरून बसेपर्यंत स्त्रियांनीं सज्द्यांतून मस्तक वर उचलूं नये, अशी सूचना त्या काळीं दिली जात असे. मध्यें भिंत असती तर तिचें प्रयोजनच उरलें नसतें. ईश्वराच्या दासींना ईश्वराच्या मशिदींत जाण्यास आडकाठी करूं नका, अशा अर्थाची आज्ञा आहे. शुक्रवारची नमाज स्त्रियांवर बंधनकारक नाहीं. मुलेंबाळें, आजार, घरचें काम यांमुळें त्यांना दिलेली ही सवलत आहे. ह्या सवलतीचा पुढें काय प्रवास झाला? प्रथम, न आल्यास दोष नाहीं. नंतर, न येणेंच बरें. नंतर, येऊं नये. आणि शेवटीं, त्यांच्यासाठीं जागाच नाहीं. हजरत आयेशांनीं मागाहून असे उद्गार काढले कीं, आजच्या स्त्रियांचें वर्तन पैगंबरांनीं पाहिलें असतें तर त्यांनींच त्यांना मशिदींत येऊं दिलें नसतें. पुढील काळांत मनाईवाद्यांनीं हा उद्गार कायम उपयोगांत आणला. परंतु 'पाहिलें असतें तर' ह्या शब्दांतच हें कबूल आहे कीं, पैगंबरांनीं मनाई केली नव्हती. उपासनेंत नवें कांहीं घुसडूं नये हें तत्त्व इमामतेला लावावयाचें आणि भिंतींना व बंद दरवाजांना लावावयाचें नाहीं, हा न्याय नव्हे.

दुसरा युक्तिवाद विनयाचा. नमाजेंत वांकावें लागतें, मस्तक जमिनीला टेकावें लागतें. स्त्री पुढें असल्यास मागील पुरुषांचें चित्त विचलित होईल, असें म्हणतात. मनुष्यस्वभाव पाहतां हें म्हणणें अगदींच फोल नाहीं. पण दोन गोष्टी विचारांत घ्याव्या. कांहीं हंबली शास्त्रकारांनीं असा निर्णय दिला आहे कीं, रमजानमधील तरावीहच्या नमाजेंत कुराण जाणणारी अशी स्त्रीच तेवढी असेल, तर तिनें इमामत करावी, मात्र पुरुषांच्या मागें उभें राहून. ही तोड वरवर पाहतां चमत्कारिक वाटेल. पण ज्ञानाचा मान आणि विनयाची मर्यादा हीं दोन्ही राखण्याची इच्छा असली म्हणजे मार्ग निघतो, हें त्यांनीं दाखवून दिलें. दुसरी गोष्ट मक्केची. काब्याभोंवतीं प्रदक्षिणा घालतांना स्त्रीपुरुष एकाच प्रवाहांत चालतात, आणि इहरामच्या अवस्थेंत स्त्रीनें चेहऱ्यावर नकाब घालूं नये असाच नियम आहे. इस्लामच्या सर्वांत पवित्र स्थळीं पुरुषानें आपलें चित्त स्वतः आवरावें अशी अपेक्षा आहे, तर गल्लींतल्या मशिदींत तो भार स्त्रीवर कां पडावा?

तिसरा आधार कुराणाच्या चौथ्या सूरेंतील चौतिसाव्या आयतीचा. तेथें पुरुषांना स्त्रियांचे 'कव्वाम' म्हटलें आहे, आणि ह्यावरून इमाम शाफई यांनीं पुरुषांवर स्त्रीचें नेतृत्व चालणार नाहीं असें अनुमान काढलें. परंतु त्याच आयतींत पुरुष आपली संपत्ति खर्च करतात म्हणून, असें कारण पुढें दिलेलें आहे. वदूद यांच्यासारख्या भाष्यकार विचारतात कीं, भरणपोषणाच्या जबाबदारीविषयीं जें म्हटलें, तें नमाजेच्या ओळींपर्यंत कसें पोंचतें? शिवाय इतिहासानें ह्या अनुमानाचा मान सर्वत्र राखलेला नाहीं. येमेनची राणी अर्वा (मृत्यु ११३८) हिचें नांव शुक्रवारच्या खुत्ब्यांत घेतलें जाई. भोपाळची शाहजहान बेगम हिनें ताज-उल्-मसाजिद ह्या प्रचंड मशिदीचें बांधकाम आरंभिलें. स्त्रीचें नांव व्यासपीठावरून उच्चारलें गेलें, तिच्या पैशानें मिनार उठले. तिचा आवाज तेवढा वर्ज्य ठरला.

आणि तोहि सर्वत्र वर्ज्य नव्हता. आमच्या मतें ह्या वादांतील सर्वांत निर्णायक गोष्ट हीच आहे. अकराव्या शतकांत मक्केंत करीमा अल् मर्वझिया ही विदुषी बुखारीचा हदीससंग्रह शिकवीत असे, आणि इतिहासकार खतीब अल् बगदादी यांच्यासारखे पंडित तो ऐकण्यास तिच्यापुढें बसले. अशा स्त्रियांचीं चरित्रें मौलाना अक्रम नदवी यांनीं अलीकडे गोळा केलीं. त्यांचा अरबी ग्रंथ २०२१ सालीं ४३ खंडांत प्रसिद्ध झाला. हदीस सांगणाऱ्याच्या शब्दावर धर्माचा कायदा उभा राहतो. नमाज कशी पढावी हेंसुद्धां हजरत आयेशांसारख्या स्त्रियांनीं सांगितलेल्या हदीशींवरून पुरुष शिकले. म्हणजे नमाजेची रीत स्त्रीच्या तोंडून ऐकून घेण्यास हरकत नाहीं; तिच्या साक्षीवर स्वतःचा परलोक सोंपविण्यास हरकत नाहीं; हरकत आहे ती, तीच रीत ती आचरीत असतां तिच्या मागें उभें राहण्यास. मिल्लच्या ग्रंथांतील स्त्रियांच्या बुद्धिसामर्थ्याचा युक्तिवाद येथें करण्याची गरज राहत नाहीं, कारण ह्या परंपरेनें स्त्रीची बुद्धि व सचोटी आधींच मान्य केलेली आहे. म्हणूनच मनाई अधिक विचित्र वाटते.

येथें एक आक्षेप खुद्द मुसलमान स्त्रियांकडून घेतला जातो, आणि तो विचारी आहे. त्या म्हणतात, पुढें उभें राहणें हाच मोठेपणा असें कोणी ठरविलें? पुरुष करतो तेंच स्त्रीनें करून दाखवावें, तेव्हांच तिची प्रतिष्ठा, असें मानणें म्हणजे पुरुषालाच पुनः मापदंड करणें नव्हे काय? ईश्वरापाशीं पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांत अंतर नाहीं. ह्या विचारांतील स्वाभिमान आम्ही मानतों. चीनमधील हुई मुसलमानांत स्त्रियांच्या स्वतंत्र मशिदी आहेत. कायफेंग येथील एक मशीद १८२० सालापासूनची असून, अशा मशिदींतून स्त्री आहोंगच स्त्रियांना शिकवितात व त्यांची नमाज चालवितात. कोपनहेगन येथील मरियम मशिदींत २६ ऑगस्ट २०१६ रोजीं स्त्रियांनीं स्त्रियांसाठीं शुक्रवारची पहिली नमाज केली. उलट, बर्लिनमध्यें जून २०१७ मध्यें जी मशीद उघडली, तींत स्त्रीपुरुष एकत्र नमाज पढतात, आणि तिला नांव दिलें आहे तें इब्न रुश्दांचें. मार्ग अनेक आहेत. परंतु जिला पुढें जावयाचें नाहीं तिचा मागें राहण्याचा स्वाभिमान, जिला पुढें जाण्याची योग्यता व इच्छा आहे तिच्या वाटेंतला दगड होऊं नये. मागें राहणें ही निवड असेल तरच तींत मोठेपणा आहे. दुसरी वाटच नसेल तर तिला निवड हें नांव शोभत नाहीं.

आपल्या देशांत प्रश्न अजून एक पायरी अलीकडचा आहे. मुंबईच्या हाजी अली दर्ग्याच्या गाभ्यांत स्त्रियांना घातलेली बंदी भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या अर्जावरून मुंबई उच्च न्यायालयानें २६ ऑगस्ट २०१६ रोजीं, म्हणजे योगायोगानें कोपनहेगनच्या नमाजेच्याच दिवशीं, रद्द केली. दर्गा म्हणजे मशीद नव्हे, हें खरें; पण बंदीचा प्रवास तोच होता, कारण त्याच गाभ्यांत कांहीं वर्षांपूर्वीपर्यंत स्त्रिया जात होत्या. पुढें २०१९ सालीं पुण्याच्या एका मुसलमान दांपत्यानें मशिदींत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. त्यावर मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानें २०२० सालीं शपथेवर सांगितलें कीं, स्त्रियांना मशिदींत येऊन नमाज पढण्यास धर्माची मोकळीक आहे. मात्र जमातींत सामील होणें त्यांच्यावर बंधनकारक नाहीं. उत्तर शास्त्रशुद्ध आहे. परंतु ज्या मशिदींत स्त्रियांसाठीं वुजूची सोय नाहीं, ओळ नाहीं, दारहि नाहीं, तेथें ह्या मोकळिकीचा अर्थ काय उरतो? आणि २६ जानेवारी २०१८ रोजीं केरळांतील मलप्पुरम जिल्ह्यांत जमीदा नांवाच्या शिक्षिकेनें स्त्रीपुरुषांची शुक्रवारची नमाज चालविली, तेव्हां तिला जिवाच्या धमक्या आल्या. ह्या कृत्याचा शास्त्रार्थ कोणी कसाहि लावो. धमकी हें कोणत्याहि शाखेचें प्रमाण नाहीं.

ह्या वादाचा निवाडा मुसलमान समाजानें, आणि त्यांतहि ज्यांच्याविषयीं निवाडा व्हावयाचा त्या स्त्रियांनीं, करावयाचा आहे. बाहेरच्या माणसानें फतवा काढण्याचें कारण नाहीं. न्यायालय दार उघडूं शकेल, पण कोणाच्या मागें उभें राहून ईश्वराला शरण जावें हें सांगूं शकणार नाहीं. आणि तें त्यानें सांगूंहि नये. परंतु नीतीचा जो प्रश्न येथें गुंतलेला आहे, तो एका धर्माचा नाहीं. जेथें जेथें दुर्बळांना, वृद्धांना, स्त्रियांना आम्ही कांहीं ओझें उतरून दिलें असें अभिमानानें सांगतों, तेथें तेथें एक साधी कसोटी लावून पाहावी : तें ओझें त्यांनीं स्वतः होऊन उचलावयाचें म्हटलें, तर आम्ही बाजूला होतों कीं आडवे येतों? बाजूला होत असूं तर ती सवलत होती. आडवे येत असूं, तर तें ओझें कधींच ओझें नव्हतें. तो मान होता, आणि दयेच्या नांवाखालीं तो आम्ही आपल्यापाशींच ठेवून घेतला होता. उम्म वरकेला लढाईच्या कष्टांतून ज्यांनीं मोकळें केलें, त्यांनींच तिच्या दारीं मुअज्जिन पाठविला. सवलत कशी द्यावी, हें त्या एका हकीकतींत आहे.